टर्बोचा ब्लॉक आणि बारावी बांगडी

अण्णा चौगुल्यांनी आधी माझं तोंड बघितलंच नाही. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझे दोन्ही पंजे धरले, दाराच्या उजेडाकडे वळवले आणि बाजारात वांगी निरखावीत तसे उलटेपालटे करून निरखले.

"हे इंजिनवाल्याचं हात?" ते म्हणाले. "काळं तेल कधी लागलंय का ह्यास्नी?"

"पुण्याला साबण लई भारी मिळतोय, अण्णा," माझा दिनकरमामा घाईघाईनं म्हणाला.

अण्णांनी हात सोडले. मी ते पाठीमागे लपवले, पण आता उशीर झाला होता.

ही बावीस वर्षांपूर्वीची खंडेनवमी. कोल्हापुरात उद्यमनगरात अण्णांचं रिबोअरिंगचं वर्कशॉप होतं. झिजलेल्या इंजिनांचे ब्लॉक तिथं यायचे आणि नवे होऊन जायचे. त्या दिवशी मात्र सगळं बंद होतं. लेथला झेंडूची माळ, ड्रिल मशीनला आंब्याचा डहाळा, आणि लाल कापडावर पाने, हातोडे, पकडी हळदकुंकू लावून ओळीनं निजवलेल्या. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी साधा पानाही उचलायचा नाही, ही उद्यमनगराची रीत. नेमका हाच मुहूर्त अण्णांनी मुलगा बघायला निवडला होता. मुलगा म्हणजे मी, रणधीर पिसाळ, मुक्काम जयसिंगपूर, नोकरी पुण्याला.

नोकरी इंजिनाचीच होती, हे खरं. मी एका कंपनीत कॉम्प्युटरवर इंजिनाच्या भागांची चित्रं काढत होतो. चार वर्षांत शेकडो ब्लॉक काढले असतील. आडवे, उभे, मधून कापलेले. फक्त एकाही ब्लॉकला हात लावलेला नव्हता. पण दिनकरमामानं कुठल्याशा बारशात अण्णांना गाठून सांगितलं होतं, "आमचा भाचा ब्लॉक नुसत्या बोटानं ओळखतोय. टर्बोचा का साधा, डोळं मिटून सांगतोय!" मामा एसटीच्या डेपोत स्टोअरकीपर होता. रिकाम्या फडताळाकडं बघून 'माल भरपूर आहे' असं लिहायची त्याला सवय होती.

मी मामाला अडवलं नाही, याचं कारण संयोगिता.

अण्णांची ही एकुलती एक मुलगी मी त्याआधी एकदाच पाहिली होती, जयसिंगपुरात मित्राच्या लग्नात. वरातीची जीप ऐन चौकात बंद पडली. बँडवाले वाजवायचे थांबले, नवरदेव घामानं निथळला, ड्रायव्हर नुसता स्टार्टर मारत सुटला. तेवढ्यात मोरपंखी साडीतली एक मुलगी पुढं आली. "आरं, हवा धरलीया डिझेलच्या लायनीनं, स्टार्टर मारून काय उपयोग?" असं म्हणत तिनं हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या, शेजारी कोण उभं आहे हे न बघता त्या माणसाच्या हातात कोंबल्या आणि म्हणाली, "धरा जरा." तो माणूस मी होतो. दहा मिनिटांत तिनं लायनीतली हवा काढली, जीप धूर सोडत सुरू झाली आणि वरात नाचायला लागली. तेवढा वेळ मी बारा बांगड्या धरून तिथंच उभा होतो. त्यानंतर महिनाभर मला पुण्यातल्या कॉम्प्युटरवर ब्लॉकऐवजी दुसरंच काही दिसत होतं. लग्न करायचं तर हिच्याशीच, नाहीतर नाही, असं मी आईला सांगून टाकलं होतं. जन्मात पहिल्यांदाच मी असं काही ठामपणे बोललो होतो, त्यामुळे आईनं घाबरून लगेच मामाला बोलावलं.

"चला पाव्हणं," अण्णा म्हणाले. "च्या नंतर पिऊ. आधी काम."

वर्कशॉपच्या मधोमध दोन पाटांवर दोन ब्लॉक उभे ठेवले होते. दोघांना रुपेरी रंग दिलेला, दोघांना झेंडूच्या माळा. शेजारी इसाकचाचा उभे होते. हे अण्णांचे मिस्त्री, चाळीस वर्षं त्यांच्याकडं. डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात पान आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मागे दाराशी संयोगिता हातात तेलाची बाटली घेऊन समई पेटवत होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि वात सरळ करायला लागली. ओळखीची काही खूण दिसली नाही.

"ह्यातला एक टर्बोचा, एक साधा," अण्णा म्हणाले. "मी सोता काल संध्याकाळी मांडल्यात. वळखा. माळ हलवायची न्हाई, रंग खरवडायचा न्हाई आन् हत्यार तर उचलायचंच न्हाई. बोटानं वळखता म्हनं तुमी. बोट हाय न्हवं संगं?"

"दहा हायत!" मामा म्हणाला.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, जादा हवेनं जादा जाळ होतो, आणि जादा जाळानं पिस्टन तापतो. म्हणून टर्बोच्या ब्लॉकला आतून प्रत्येक सिलिंडरच्या बुडाशी तेलाची एक बारीक पिचकारी असते, ती पिस्टनला खालून गार ठेवते. शिवाय टर्बोत गेलेलं तेल परत यायला ब्लॉकच्या कुशीला एक भोक असतं. साध्या ब्लॉकला तिथं नुसता उंचवटा असतो, भोक पाडलेलंच नसतं. बाकी दोघे जुळे भाऊ. हे सगळं मला कागदावर तोंडपाठ होतं. पण पूजेसाठी रंगवताना इथल्या पोरांनी आत रंग जाऊ नये म्हणून सगळ्या भोकांत चिंध्यांचे बोळे ठासले होते आणि त्यावरून रंग फिरवला होता. कुशीवरून बोट फिरवलं तर दोन्हीकडं रुपेरी गुळगुळीतच लागत होतं.

"आन् एक ध्यानात ठेवा," अण्णा म्हणाले. "साध्या ब्लॉकवर टर्बो बशीवला तर आंबा घाटात पिस्टन वितळतोय. मानसं भरलेली गाडी आसती. म्हणून ह्या धंद्यात चुकून चालत न्हाई. तीन पोरं येऊन गेली तुमच्या आधी."

"तिन्ही नापास?" मी विचारलं.

अण्णांनी घसा खाकरला. "तेचं काय करायचंय तुमास्नी?"

मामानं मला कोपरानं ढोसलं आणि कानाशी पुटपुटला, "रण्या, डावीकडं बघ. कुंकू बघ की लेका!"

डाव्या ब्लॉकच्या कपाळावर, म्हणजे कपाळ म्हणावं अशा जागी, चांगलं रुपयाएवढं कुंकू होतं. वर अक्षता. उजव्याला मात्र नुसतं बोट टेकवल्यासारखं.

"पोरीनं खूण केलीया," मामा म्हणाला. "डावा म्हण आन् मोकळा हो."

तिनं माझ्यासाठी खूण केली असेल, या विचारानंच मला निम्मं लग्न लागल्यासारखं वाटलं. तरीही एकदम 'डावा' म्हणालो तर बरं दिसणार नाही, निदान बोट घातल्याचं नाटक तरी करावं, म्हणून मी बाही सारली. अंगठा तळव्यात दुमडला आणि उजव्या ब्लॉकच्या सिलिंडरमध्ये वरून हात घातला. आत गार होतं. बुडाशी कडेकडेनं बोट फिरवलं. पिचकारी नाही. चारही सिलिंडर चाचपले. नाही म्हणजे हा साधा. मी खूश झालो आणि डाव्याकडं वळलो.

डाव्याच्या पहिल्या सिलिंडरात पिचकारी लागली नाही.

दुसऱ्यात लागली नाही. तिसऱ्यातही नाही. कुंकू सांगत होतं आहे, अण्णा सांगत होते आहे, चित्रात तर मी शंभरदा काढलेली. फक्त माझ्या बोटाला ती सापडत नव्हती. पिचकारी हाताला कशी लागते हे तरी मला कुठं माहीत होतं? चौथ्या सिलिंडरात मी हात घातला तो पार कोपराच्या अलीकडंपर्यंत. बुडाची कड बोटांनी घट्ट धरली आणि देवाचं नाव घेतलं.

"काय सापडलं का?" अण्णांनी विचारलं.

मी हात वर ओढला. तो आला नाही.

पुन्हा ओढला. मी घड्याळ उजव्या हातात बांधायचो, त्याचा पट्टा आत कुठंतरी अडकला होता, आणि घाबरून मूठ अशी आवळली गेली होती की ती उघडायची कशी हेच आठवेना.

"रण्या, काढ की हात," मामा हळूच म्हणाला.

"निघत नाही."

"आँ?"

"अडकलाय, मामा!"

मामानं माझ्या कमरेला मिठी मारली आणि विहिरीतून बादली ओढावी तसं ओढायला सुरुवात केली. हातही येईना आणि ब्लॉकही हलेना. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं. इसाकचाचांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"ब्लॉक उलटा करून खालनं घड्याळ सोडवाय लागंल," ते म्हणाले. "पर येवढं वजन उचलाय चेनपुली पायजे. चेनपुलीची पूजा झालीया."

"मग?" मामा ओरडला.

"मग उद्या. सोनं लुटल्यावर."

"उद्यापातूर पोरगं हितंच?"

"जेवायचं हितं आणून देऊ की," इसाकचाचा म्हणाले. "डावा हात मोकळा हाय."

अण्णा मात्र हसत नव्हते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "हात ऱ्हाऊ द्या. आधी उत्तर सांगा. डावा का उजवा?"

मामा माझ्या पाठीमागून फुसफुसला, "डावा. डावा म्हण. डावा!"

मी दाराकडं बघितलं. संयोगिता समईपाशी उभी राहून माझ्याकडंच बघत होती. या वेळी नजर काढून घेतली नाही. तिच्यासमोर एक शब्द बोलायचा अवकाश होता. बरोबर आला असता तर सगळं मिळणार होतं. आणि का कोण जाणे, तोच शब्द माझ्या तोंडातून निघेना. आंबा घाटातली माणसं भरलेली गाडी डोळ्यांपुढं आली, असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर हात इतका दुखत होता की खोटं रचायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

"अण्णा," मी म्हणालो, "मला ओळखता येत नाही."

माझ्या कमरेची मामाची मिठी सुटली.

"मामा खोटं बोलला. मी नुसती चित्रं काढतो. आजवर ब्लॉकला हात लावलेला नाही. डावा सांगून टाकणार होतो, कुंकू बघून. पण माझ्या बोटाला दोन्ही ब्लॉक सारखेच लागतात. पिचकारी ह्यातही नाही, त्यातही नाही. बोट माझं अडाणी असेल. पण जे लागलं नाही ते लागलं असं कसं सांगू?"

मामा मटकन लाकडी खोक्यावर बसला. अण्णांचा चेहरा लाल झाला.

"दोन्ही सारखं? आवं, ह्यो डावा मी माझ्या हातानं मांडलाय! टर्बोचा हाय ह्यो! वाळव्यास्नं आणलेला! आन् तुमी म्हणताय सारखं? इसाक, बोळा काढ. बोटानं काढ. दाव पाव्हण्यास्नी भोक कुठं आसतंय ते!"

इसाकचाचा वाकले. माळ बाजूला सारून त्यांनी नखानं रंग खरवडला. तिथं बोळाही नव्हता आणि भोकही नव्हतं. कोरा, गच्च लोखंडी उंचवटा. ते शांतपणे उजव्या ब्लॉककडं गेले आणि तिथंही खरवडलं. तिथंही कोराच.

"मालक," ते म्हणाले, "दोन्ही साधंच हायत."

अण्णांनी स्वतः येऊन दोन्हीकडं बोट लावलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बोट लावलं. त्यांच्या तोंडावरून काय काय गेलं ते मी अगदी जवळून पाहिलं, कारण मला दुसरीकडं कुठं जाताच येत नव्हतं. पन्नास वर्षं ह्या धंद्यात काढलेला माणूस, आणि स्वतः मांडलेला ब्लॉक परका निघाला होता. क्षणभर ते अगदी म्हातारे दिसले आणि मला त्यांची फार दया आली. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मुद्दाम," ते म्हणाले.

"काय मुद्दाम?" मामानं विचारलं.

"मुद्दामच दोन्ही साधं ठेवलं हुतं मी. डावं का उजवं, कुणीबी सांगंल. दोन्हीत न्हाई म्हणायला छाती लागती. काय इसाक?"

"व्हय मालक," इसाकचाचा म्हणाले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

मामा खोक्यावरून उडी मारून उठला. "मी म्हटलं न्हवतं? बोटानं वळखतोय म्हणून!"

तेवढ्यात संयोगिता तेलाची बाटली घेऊन माझ्याशेजारी आली. तिनं सिलिंडरच्या कडेनं, माझ्या हातावरून गोडेतेल सोडलं. ते कोपरापासून गुदगुल्या करत आत उतरत गेलं. ती वाकून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मूठ सोडा. त्या दिवशी बांगड्या धरल्या होत्या तसं धरू नका."

माझी मूठ आपोआप सुटली. हात सपकन बाहेर आला आणि मी मामाच्या अंगावर कोसळलो. घड्याळ ब्लॉकमध्येच राहिलं. दसऱ्याला चेनपुलीनं ब्लॉक उलटा करून ते काढलं, तेव्हाही चालू होतं.

चहा झाला. अण्णा आणि मामा आत जाऊन लग्नाच्या तिथीबद्दल मोठमोठ्यानं बोलायला लागले. मी बाहेरच्या नळावर हात धूत होतो. संयोगिता साबण घेऊन आली.

"पुण्याचा नाही," ती म्हणाली, "पण निघंल."

"तुम्ही मला ओळखलं होतं?"

"दारातनं आत आलात तेव्हाच."

मी हात चोळत राहिलो. मग विचारलं, "अण्णांनी दोन्ही साधे ठेवले, ते तुम्हाला माहीत होतं?"

"अण्णांनी कुठं? मीच रात्री चेनपुलीनं डावा काढून तसाच रंगवलेला साधा ठेवलो. इसाकचाचांनी ट्रॉली धरली." आमच्याकडच्या मुली 'आलो-गेलो'च बोलतात, आणि मला ते तेव्हाही फार आवडलं. "टर्बोचा ब्लॉक मागं गोदामात पोत्याखाली आहे. उद्या सोनं लुटून झालं की अण्णांच्या नकळत परत जागेवर ठेवणार."

"पण का?"

"पहिली दोन पोरं नापास झाली. तिसरा आला तो नुसती बडबड करून एकावर बोट ठेवून मोकळा झाला, आणि नेमकं बरोबर आलं. दोनातला एक सांगायचा, नाणं उडवल्यासारखंच की ते. अण्णा सुपारी फोडायला निघाले होते. मीच नाही म्हटलो." ती साबणाचा फेस बघत म्हणाली. "म्हणून ह्या वेळी असं मांडलो की तुक्का मारला तरी चुकलाच पाहिजे. आणि कुंकू जास्त लावलो ते, चोरून उत्तर मिळालं तर माणूस घेतोय का बघायला."

"म्हणजे मी डावा म्हणालो असतो तर..."

"तर च्या घेऊन गेला असता."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, या मुलीनं माझ्यासाठी एवढ्या वजनाचा ब्लॉक इकडून तिकडं केला.

"एवढी परीक्षा कशाला?" मी म्हणालो. "माझ्याकडं बघून खोटारडा वाटतो का मी?"

"वाटत नाही. आहे." ती पहिल्यांदा हसली. "बारा बांगड्या दिल्या होत्या मी. अकरा परत दिलात आणि म्हणालात, 'सगळ्या आहेत बघा.' बोटाला रक्त होतं आणि तो हात तुम्ही घाईनं खिशात घातलात."

माझे कान तापले. ती जीप सुरू झाली तेव्हा आनंदानं माझी मूठ आवळली गेली होती आणि एक बांगडी फुटली होती. तिचे तुकडे अजून माझ्या पुण्याच्या कपाटात, काड्यापेटीत होते. मी तेही सांगून टाकलं. काड्यापेटीसकट.

तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "काड्यापेटी लग्नाला घेऊन या."

आज अण्णा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. पुण्याची नोकरी सोडून मी त्यांच्या वर्कशॉपात आलो त्याला अठरा वर्षं झाली, आणि आता टर्बोचा ब्लॉक मी खरोखरच बोटानं ओळखतो. अण्णांनीच शिकवलं, शिव्या घालत. दर खंडेनवमीला पूजा झाली की ते खुर्ची मधोमध घेऊन बसतात आणि जमलेल्या माणसांना सांगतात, "मी मुद्दाम दोन्ही साधं ठेवलं हुतं. असा जावई पारखून घेतलाय मी! खोटं म्हणून बोलत न्हाई." मग माझ्याकडं वळतात. "काय रणधीरराव, खरं का न्हाई?"

दरवर्षी माझ्या तोंडाशी शब्द येतो. खरं बोललो म्हणूनच तर मला ही बायको मिळाली. पण शेजारी बसलेली संयोगिता तेवढ्यात पदर सावरायचं निमित्त करते, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजतात, आणि मला पन्नास वर्षांचा धंदा एका बोटात हरवून उभा राहिलेला तो माणूस आठवतो.

"अगदी खरं, अण्णा," मी म्हणतो.